फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या

४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला सांगितली. गोळी किती वाजता घेतली, किती वेळाने लागू पडली, हातपाय केव्हा ‘चालू’ आणि केव्हा ‘बंद’, एवढंच लिहून पुढच्या महिन्यात दाखवायचं. मी काय पंखा आहे? पण ठीक. वजनमापे निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली आहेत, नोंदी कशा ठेवायच्या हे मला कुणी शिकवायला नको.

पार्किन्सन होऊन दीड वर्ष झालं. होऊन म्हणजे सापडून. बाई म्हणतात, तो त्याच्या आधी पाच-सहा वर्षं अंगात लपून असतो. एवढ्या वर्षांत माझ्या नजरेतून एक खोटं वजन सुटलं नाही, आणि हा माझ्याच उजव्या हातात दबा धरून बसला होता.

गोळ्या दिवसाला पाच. सात, दहा, एक, चार, सात. आज पाचही वेळेवर. दहाची लागू पडायला पाऊण तास लागला.

वही हिने आणली. ही म्हणजे माझी बायको. ती सकाळी बालवाडीत शिकवते आणि वहीसुद्धा तिथलीच वाटते, दोन रेघांत बोटभर अंतर, पोरांना अक्षर गिरवायला देतात तशी. मी विचारलं, ही असली कशाला? म्हणाली, “तुमचं अक्षर फार बारीक होत चाललंय. बाईंना वाचता यायला नको?” अक्षर बारीक नाही. रेघा लांब लांब आहेत.

डॉक्टरीणबाईंच्या नोंदी पुढच्या बाजूने करीन. मागच्या बाजूने माझ्या स्वतःच्या. कारण या घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आठ दिवस झाले, सकाळच्या गोळीबरोबरचं दूध बंद आहे. उकडलेलं अंडंही सकाळचं उठून रात्रीच्या ताटात गेलं. कारण विचारलं तर म्हणे, “दुधा-अंड्याबरोबर गोळी नीट लागू पडत नाही. बाईंनी तुमच्यासमोरच सांगितलं की.” सांगितलं असेल. दुकानदार माल कमी देतो तेव्हा त्याच्याकडेही कारण तयार असतं, आणि ते नेहमी गिऱ्हाइकाच्या भल्याचंच असतं.

दुसरी नोंद. आजकाल सगळ्यांना एकदमच कमी ऐकू यायला लागलंय. हिला, हिच्या भावाला, आणि फोनवर लेकीला. मी काही बोललो की “काय?” “काय म्हणालात?” तीन माणसं, तीन ठिकाणी, आणि शब्द एकच. आमच्या खात्यात याला संगनमत म्हणत.

लेकीने आज फोनवर माझा चेहरा बघून विचारलं, “बाबा, रागावलात का हो?” मी तेव्हा हसत होतो.

तिसरी. दूध करपलं. ही बालवाडीतून आली ती नाक दाबून. “घरभर वास सुटलाय आणि तुम्ही इथेच बसलात?” मला वास आला नाही. आला नाही म्हणजे नव्हता. भांडं काळं झालेलं होतं हे मान्य, पण ते केव्हा झालं हे कोण सांगणार?

९ फेब्रुवारी, शनिवार

हिचा धाकटा भाऊ आला होता. सुतार आहे, माणूस तसा वाईट नाही, पण मेहुणा आहे. चहा पिऊन झाल्यावर खिशातून टेप काढला आणि दारं मोजायला लागला. बाथरूमचं दार, तिथली भिंत, उंबऱ्याची उंची. मी विचारलं, कसलं माप? दोनदा विचारावं लागलं.

“असंच हो, भाऊजी.”

असंच कुणी माप घेत नाही. घराचं माप दोन वेळा घेतात, बांधताना आणि विकताना. हे घर बांधून बावीस वर्षं झाली.

जाता जाता दाराशी ही त्याच्या कानाला लागली. मी दाराकडे निघालो, पण चौकटीत पाय अडले आणि मी पोचेपर्यंत तो जिना उतरून गेला होता. टेप मी बघून घेतला आहे. त्याच्यावर प्रमाणीकरणाचा शिक्का नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी झोपून उठलो तर घरभर फरशीवर पिवळ्या पट्ट्या. बालवाडीत पोरांना रेघेवरून चालवतात तसली चिकटपट्टी, वीतभर लांबीचे तुकडे, आडवे लावलेले. पलंगापासून बाथरूमपर्यंत, तिथून बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत.

“पाय अडला की पुढच्या पट्टीकडे बघायचं आणि ती ओलांडायची,” ही म्हणाली. “ओलांडायला काही दिसलं की पाय आपसूक उचलतो. व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय.”

माझे पाय अडतात हे खरं आहे. तळवे फरशीला कुणी खिळे मारून ठोकल्यासारखे होतात, आणि वरचा मी पुढे जातो. पण मोकळ्या फरशीवर जो पाय उचलत नाही तो वाटेत अडथळा घातल्यावर उचलेल, हे मी खात्यातल्या शिपायाकडूनही ऐकून घेतलं नसतं.

ती बाजारात गेल्यावर माझा पोलादी टेप काढून पट्ट्यांमधली अंतरं मोजली. अडुसष्ट सेंटिमीटर, सत्तर, सहासष्ट, पुन्हा अडुसष्ट. सलग दोन सारखी म्हणून नाहीत. मोजणाऱ्याकडे प्रमाणित माप नव्हतं एवढं सिद्ध झालं. ही तशी मापाची वैरीणच आहे. मीठ चिमटीने, तांदूळ मुठीने, कापड वितेने. एकतीस वर्षं मी गावभर मापं सुधारत हिंडलो आणि माझ्या स्वयंपाकघरात माझंच चाललं नाही.

खाली बसून मोजायला सहा मिनिटं लागली, उठायला अकरा.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी फिरायला गेलो. ही बरोबर चालायची सोडून पाच पावलं मागे. वळून बघितलं तर खाली माझ्या पायांकडे बघत होती आणि ओठ हलत होते. मोजत होती. माझ्यावर पाळत ठेवणारी माणसं मी पूर्वीही पाहिली आहेत. धाड पडणार म्हटलं की व्यापारी ऑफिसच्या दाराशी एकेक माणूस उभा करायचे. पण त्यांच्या हातात माझी औषधाची पिशवी आणि माझा मफलर नसायचा.

१६ फेब्रुवारी, शनिवार

पट्ट्या बदलल्या. जुन्या उपटून नव्या लावल्या आहेत, जास्त जवळ जवळ. एक्कावन्न, पन्नास, बावन्न. जुन्यांच्या जागी डिंकाचे मळकट चट्टे उरलेत.

“आधीच्या लांब पडत होत्या तुम्हाला,” एवढं म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून कांदा चिरायला बसली. डोळे पुसत होती. कांदा अजून सोलायचाच होता. नोंद करून ठेवतो.

एक गोष्ट चमत्कारिक झाली. नवी अंतरं मोजत मोजत पार स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि पाय कुठेच अडला नाही. डोकं कामात असलं की माणूस चालतो, एवढाच याचा अर्थ.

१८ फेब्रुवारी, सोमवार

गेले काही दिवस गोळी म्हणावी तशी लागू पडत नाही. म्हणजे दोन शक्यता. रोग वाढला, नाहीतर गोळीत खोट आहे. डॉक्टरीणबाई पहिली धरतील. मी आयुष्यभर दुसरी धरत आलो आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघालो.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेला काट्याचा तराजू काढला. काचेच्या पेटीतला, पितळी, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. बाहेरच्या खोलीत कपाटाशेजारच्या टेबलावर मांडला. टेबलाखाली जाड गालिचा आहे, म्हणजे हादरे बसत नाहीत. ही बालवाडीत गेली की सकाळी काम सुरू. हिने दर रविवारी भरून ठेवलेल्या कप्प्याकप्प्यांच्या डबीतून दिवसाच्या पाचही गोळ्या काढायच्या, एकेकीचं वजन करायचं, परत कप्प्यात ठेवायची. चिमट्यानेच. वजनाला बोट लावायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. बोटाचा घामही वजनात धरला जातो.

पहिली तीनशे चार. दुसरी दोनशे सत्त्याण्णव. पहिलीच पुन्हा टाकली तर तीनशे नऊ. काटा ठरतच नाही, सारखा थरथरतो. रस्त्यावर अवजड गाड्या वाढल्या असणार. पण गोळ्या एकसारख्या नाहीत हे स्पष्ट आहे. मापात पाप आहे.

सातची गोळी या भानगडीत सव्वाआठला घेतली.

२० फेब्रुवारी, बुधवार

एकचा कप्पा रिकामा. मी दुपारची गोळी घ्यायला गेलो आणि कप्प्यात गोळीच नाही. काल चारच्या कप्प्यातही नव्हती, पण काल मला वाटलं मीच आधी घेतली असेन.

हिला विचारलं. “मी तर रविवारी सगळे कप्पे भरले होते,” म्हणाली. “तुम्हीच घेतली असेल.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणत नाही मी अजून. अजून चौकशी चालू आहे. डबी मात्र ताब्यात घेतली. टेबलाच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात.

संध्याकाळी हिने नवीन टूम काढली. समोर खुर्चीवर बसवून म्हणे, “मोठ्याने ‘आ’ करा, श्वास संपेपर्यंत. रोज दहा वेळा. आवाज खोल गेलाय तुमचा.” मी म्हटलं, माझ्या आवाजाने बाजारपेठ बंद व्हायची. म्हणाली, “काय?” मी पुन्हा सांगितलं. म्हणाली, “आमची बालवाडीतली पोरंसुद्धा तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलतात हो.” मी ‘आ’ केला नाही. दात दाखवायला मी काय दंतवैद्याकडे बसलो होतो?

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

खाली कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला आम्ही ऑफिसात अंगठेबहाद्दर म्हणायचो. सहीऐवजी अंगठा उठवतो म्हणून नव्हे. तराजूच्या पारड्याला हळूच अंगठा लावायचा म्हणून. तीन वेळा पकडला, तिसऱ्यांदा दुकान महिनाभर बंद केलं. आज साबण घ्यायला मी एकटा गेलो. सुटे पैसे काढताना हात जागचा हलेना, मग हलला तो थांबेना, आणि नाणी गल्ल्यावर सांडली. त्याने ती शांतपणे गोळा करून माझ्या खिशात टाकली.

“साहेब, पूर्वी तुम्ही दारात उभे राहिलात की आमचे हात कापायचे,” तो म्हणाला आणि हसला.

हसण्यात कुजकटपणा होता की नव्हता, ते मला ठरवता आलं नाही. पूर्वी आलं असतं. तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला, तेही कशासाठी कोण जाणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी आता खाली जाणार नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

हिचं फोनवरचं बोलणं ऐकलं. दार लोटलेलं होतं, पण माझे कान अजून शाबूत आहेत. शब्दशः देतो.

“तिथे एकूण किती जण असतात? ... सगळे असेच? ... नाही, त्यांना अजून सांगितलं नाही, आधीच सांगितलं तर मुळीच येणार नाहीत. ... जागा धरून ठेवा, मी घेऊन येते.”

म्हणजे ठरलं. घर मोजून झालं, जागा धरून झाली. मला कुठल्याशा आश्रमात नेऊन टाकायचं, ‘सगळे असेच’ असतील तिथे. बावीस वर्षं ज्या खिडकीत बसून मी सकाळचा पेपर वाचला, त्या खिडकीत दुसराच कुणी बसणार. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवावं लागलं. हे डॉक्टरीणबाईंच्या नोंदीत कुठे बसवायचं? ‘चालू’ की ‘बंद’?

हिच्या मनगटावर काळानिळा डाग आहे. विचारलं तर म्हणाली, “झोपेत हात चालवता तुम्ही. गेल्या आठवड्यात जरा जोरात लागला.” म्हणून आठवडाभर ती आतल्या खोलीत झोपते. मला असलं काही आठवत नाही. गुन्हा घडला तेव्हा आरोपी झोपेत होता, साक्षीदार एकच, आणि तीच फिर्यादी. असा खटला टिकत नाही.

तरी डाग मोठा आहे.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आजपर्यंतची तूट अकरा गोळ्या. डबी माझ्या कुलपात, किल्ली माझ्या खिशात. मी रोज सकाळी वजन करून कुलूप लावतो आणि दुपारी एखादा तरी कप्पा रिकामा. किल्ली दुसरी असली पाहिजे. खण कुणी बनवला? मेहुण्याने. कुंपणच शेत खातंय.

दुपारी ही आल्यावर तिला समोर बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं. दूध, अंडं, मापं, पट्ट्या, फोन, अकरा गोळ्या. ती तीन वेळा “काय?” म्हणाली, मग वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच वाचायला लागली. वहीला नाक लावून वाचावं लागत होतं तिला. वाचून झाल्यावर वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

“मी तुमच्या गोळ्या चोरते?”

“तूट आहे. खुलासा दे.”

हे मात्र तिला पहिल्यांदाच ऐकू गेलं.

“एकतीस वर्षं तुमच्या पारड्यात बसले,” ती म्हणाली. “रोज वजन, रोज तपासणी. कधी तक्रार केली नाही, म्हटलं स्वभाव आहे. आता मला उतरू द्या.”

तिने खुलासा दिला नाही. माझ्या अनुभवात, ज्याचा माल खरा असतो तो आरडाओरडा करतो. जो गप्प बसतो त्याच्याकडे काहीतरी असतं. पण ती गप्प बसून माझ्या सदऱ्याची बटणं लावत होती, कारण सकाळपासून खालची दोन माझी मला लागली नव्हती.

२७ फेब्रुवारी, बुधवार

ही बहिणीकडे गेली. परगावी. केव्हा येणार ते विचारलं, म्हणाली, “माहीत नाही.” मेहुणा रात्री मुक्कामाला राहील, दिवसा दुपारी फेरी मारील. स्वयंपाकघरात कागद लावून गेली आहे: गोळी जेवणाआधी अर्धा तास. पाणी भरपूर. उठताना आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, नाक गुडघ्याच्या पुढे न्यायचं, मग उठायचं. घाई नाही. वळताना गर्रकन वळायचं नाही, मोठं वळण घ्यायचं.

अक्षर मोठं मोठं काढलंय, बालवाडीतल्यासारखं.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सात वाजता वजन, सव्वाआठला गोळी. दहाची सापडली नाही. ती घरात नाही आणि तरी तूट आहे. मेहुणा असणार.

घर फार शांत आहे. भांड्यांचा आवाज नाही. मला वाटायचं तो आवाज मला त्रास देतो.

१ मार्च, शुक्रवार

मेहुणा कामावर गेल्यावर पट्ट्या जप्त केल्या. गुडघ्यावर रांगत एकेक उपटली. सव्वा तास लागला, पण ज्या घरातून मला काढायचं आहे त्याच्या फरशीवर दुसऱ्यांच्या खुणा मी का ठेवू? सगळ्या गोळा करून खणात ठेवल्या, मुद्देमाल म्हणून.

संध्याकाळी मेहुण्याने फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि “हे काय केलंत, भाऊजी?” एवढंच म्हणाला. रात्री बाथरूमला जाताना त्याने माझा हात धरला. मी धरू दिला.

२ मार्च, शनिवार

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो. हात चालत नाही, वेळ लागेल, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

मेहुणा आठला गेला. मी टेबलाशी बसून वजनं केली. सातची गोळी चिमट्यातून सुटली, मला वाटलं कप्प्यातच पडली. कप्पा बघितला तर रिकामा. म्हटलं, बघा, डोळ्यांदेखत चोरी. उठून स्वयंपाकघराकडे निघालो. दाराच्या चौकटीत पाय थांबले. खाली बघितलं, ओलांडायला काही नव्हतं. नुसती फरशी. मी मागे वळलो, गर्रकन वळलो, आणि पडलो. गालावर पडलो, कपाटासमोर, टेबलाच्या पायाशी.

हाड मोडलं नाही. पण उठता येईना. गोळी पोटात नव्हती, अंगाचं लाकूड झालं होतं. हाक मारली. ती मलाच जेमतेम ऐकू आली. हे पहिल्यांदा कळलं. इतके दिवस त्यांचे कान खराब आहेत असं मी लिहीत होतो. खाली रस्त्यावरून माणसं जात होती, बोलत होती, आणि माझा आवाज गालिच्याच्या कडेलासुद्धा पोचत नव्हता.

दुसरं काही करता येत नसल्यामुळे समोर बघत राहिलो. समोर कपाटाखालची चार बोटं उंच पोकळी. तिथे धूळ होती, आणि धुळीत गोळ्या होत्या.

मोजल्या. वेळ भरपूर होता. दोनदा मोजल्या. सतरा.

वहीतली आजपर्यंतची तूटही सतरा. एवढा चोख ताळा मला नोकरीत कधी लागला नव्हता.

वर टेबलाची कड दिसत होती. कडेवरून चिमटा लोंबत होता. मी पडलो तरी टेबलाला टेकलेलं माझं एक पाऊल थरथरत होतं, आणि काचेच्या पेटीत काटा त्याच्याबरोबर थरथरत होता. अवजड गाडी एकही गेली नव्हती.

दोन तासांनी मेहुणा आला. त्याने उचलून बसवलं, पाणी दिलं, गोळी स्वतःच्या बोटांनी माझ्या जिभेवर ठेवली. मी कपाटाकडे बोट केलं. तो वाकला, बघितलं, आणि जमिनीवरच बसला.

“काखेत कळसा, भाऊजी,” तो म्हणाला. मग त्याला त्या बोलण्याचं वाईट वाटलं असावं, कारण लगेच टेबलावरचा चिमटा उचलून उगाच पुसायला लागला.

गोळी लागू पडल्यावर मी त्याला विचारलं, दारं कशाला मोजलीस? दोनदा विचारलं. म्हणाला, उंबरे काढून टाकायला आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवायला. लाकूड आणून ठेवलंय, ताई म्हणाली होती तुमचा मूड बघून सांगते. आणि जागा? तो हसला. “ते तुमच्यासारख्यांचं व्यायामाचं मंडळ आहे हो. आठवड्यातून दोनदा एक तास. टाळ्या वाजवत चालायचं, चेंडू फेकायचा, ओरडायचं. तुम्ही जागा म्हणजे काय समजलात?”

मी काय समजलो ते त्याला सांगितलं नाही.

“आणि पट्ट्या अशा वेड्यावाकड्या अंतराने का?”

“ताईनं वितेनं मोजल्या. मी टेप दिला होता, घेतला नाही. आधी चार-चार वितींवर लावल्या. म्हणाली, यांचं पाऊल एवढं पडतं, लग्न झालं तेव्हा यांच्याबरोबर चालताना मला पळावं लागायचं. मग तुम्ही चालताना मागून बघितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपल्यावर बसून सगळ्या उपटल्या आणि तीन वितींवर लावल्या.” त्याने चिमटा टेबलावर ठेवला. “उपटताना रडत होती. मी म्हटलं, दे, मी करतो, तर म्हणाली, नको.”

मी वही उघडून सोळा तारखेची नोंद बघितली. कांदा सोललेला नव्हता. मी तेही लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं.

३ मार्च, रविवार

सकाळची गोळी सात वाजता, बोटांनी, पाण्याबरोबर. तराजू पेटीत घालून मेहुण्याकडून कपाटावर ठेवून घेतला.

नऊ वाजता फोन लावला. बहिणीने उचलला, मग ही आली.

“हॅलो?”

मी बोललो.

“हॅलो? कोण? अहो, तुम्ही आहात का? काही ऐकू येत नाही.”

मी पुन्हा बोललो. तिचा आवाज बदलला. “पडलात का? बरे आहात ना? भावाला द्या फोन, द्या त्याला.” मेहुण्याने हात पुढे केला. मी फोन दिला नाही. खुर्चीत ताठ बसलो, पोट भरून श्वास घेतला, आणि ‘आ’ केला. श्वास संपेपर्यंत. मेहुणा दोन पावलं मागे सरला. मग दुसरा श्वास घेतला.

“गोळ्या कपाटाखाली सापडल्या! सतरा! माझ्या हातून पडल्या होत्या! तू नेल्या नव्हत्यास! चूक माझी आहे!”

खालच्या दुकानाच्या पायरीवर अंगठेबहाद्दर उभा असावा, कारण खालून कुणीतरी “साहेब, सगळं ठीक ना?” म्हणून ओरडलं. ओरडू दे. ऐकू दे सगळ्या गल्लीला.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

“ओरडता कशाला?” ती म्हणाली. “ऐकू आलं मला.”

मग विचारलं, जेवणाआधी अर्धा तास घेता का, बद्धकोष्ठ कसं आहे, बटणं कोण लावतं. मी प्रत्येक उत्तर ओरडून दिलं. उद्या सकाळच्या बसने येते म्हणाली. आणि ठेवता ठेवता, “पट्ट्या आहेत ना जागेवर? त्या असल्या की मला तुमची काळजी कमी वाटते.”

मी फरशीकडे बघितलं. “आहेत,” म्हटलं. आयुष्यात खोटा शिक्का मारला तो हा पहिलाच.

ती यायच्या आत तो खरा करायला हवा. खण उघडून पट्ट्या काढल्या. चिकटत नव्हत्या, मेहुण्याने डिंक आणला. तो टेप काढायला लागला तेव्हा मी म्हटलं, टेप नको, तिच्या मापाच्या खुणा आहेत फरशीवर. खरंच होत्या. डिंकाचे चट्टे जागच्या जागी होते, दोन तऱ्हेचे, एक लांब लांब पडलेल्या पावलाचे आणि एक आखूड पावलाचे, एकमेकांत मिसळलेले. मी खुर्चीवर बसून बघत राहिलो. लांबच्या खुणा बघताना वाटलं, एवढं चालायचो मी. आणि कुणीतरी मागून पळत होतं, आणि मी एकदाही वळून बघितलं नव्हतं.

मेहुणा गुडघ्यावर बसला होता, हातात पहिली पट्टी.

“कुठल्या खुणांवर लावू, भाऊजी?”

मी सांगितलं.

“काय म्हणालात?”

“जवळच्या,” मी ओरडून सांगितलं.